अकरा रुपयांची पावती

जूनची नऊ तारीख, सोमवार, सकाळी सव्वादहा. रक्कम रुपये अकरा, रोख. सोबत गव्हाचा कोंडा, अंदाजे चारशे ग्रॅम. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारं जोडपं आणि पिशोरहून आलेली त्यातल्या नवऱ्याची आई. सहावं माणूस बारा दिवसांचं होतं आणि सुपात झोपलेलं होतं. व्यवहार त्याचाच होता.

एवढा तपशील मला पाठ आहे, कारण तो मीच माझ्या हातानं कागदावर लिहिला होता. आणि त्याच कागदामुळं पुढं ते बाळ आईपासून तोडलं जायची वेळ आली. चूक कुणाची, असं कुणी विचारलं तर मी आधी माझं नाव घेतो.

आमचं घर हर्सूलला. मी एका शाळेच्या कार्यालयात हिशेबनीस आहे, नोकरीला सव्वीस वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी लग्न होऊन जालन्याला. वरच्या खोल्या रिकाम्या ठेवण्यात अर्थ नव्हता म्हणून त्या भाड्यानं दिल्या. जोडपं चांगलं मिळालं. तो चिकलठाण्याच्या एका कंपनीत मशीनवर कामाला, ती घरी साड्यांना फॉल-पिको करायची. तीन वर्षांत एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढं गेलं नाही.

त्या तीन वर्षांत त्यांची दोन मुलं गेली. पहिला मुलगा जन्मला त्याच दिवशी गेला. दुसरा मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. त्याचं हसणं जिन्यातून खाली ऐकू यायचं. तो गेल्यावर माझ्या बायकोनं महिनाभर दुपारचा रेडिओ लावला नाही. एवढ्यावरून काय ते समजावं.

तिसरी ही मुलगी. जन्माचं वजन दोन किलो साडेतीनशे ग्रॅम.

बाराव्या दिवशी सकाळी बाळाच्या बापाची आई खाली आली. तिला मी मावशी म्हणतो. सत्तरीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, बोलायला थेट. मी शाळेत जायच्या तयारीत होतो.

"भाऊ, आज अर्धी रजा टाका," ती म्हणाली. "लेकरू इकायचंय."

मी चहाचा कप खाली ठेवला. "काय करायचंय?"

"इकायचंय. तुमच्या घरात. बाई घेत्याल. त्यांची दोन्ही लेकरं धड हायेत."

बायकोला ही रीत माहीत होती, मला ऐकून माहीत होती. ज्या घरात मुलं ठरत नाहीत, तिथं जन्मलेलं मूल नावापुरतं दुसऱ्या घरी विकायचं. ज्या बाईची मुलं जगली आहेत तिनं ते सुपातून घ्यायचं, बदल्यात कोंडा आणि थोडे पैसे द्यायचे. मूल राहतं आईजवळच. पण जे काही त्याला न्यायला येतं ते त्या घरचं मूल शोधत येतं, आणि या घरात आपलं मूलच नाही म्हटल्यावर परत जातं, अशी समजूत. जावळ काढेपर्यंत आईनं तोंडानं "माझं" म्हणायचं नाही. जावळाच्या दिवशी दोन पैसे जास्त देऊन परत विकत घ्यायचं.

माझा यावर विश्वास नाही. तसं मी तेव्हाही सांगितलं. पण अकरा रुपयांत एका बाईची भीती कमी होत असेल तर तो खर्च जास्त नाही, असंही मला वाटलं. मी अर्धी रजा टाकली.

सगळं पाच मिनिटांत उरकलं. सूप या हातातून त्या हातात गेलं, कोंडा आणि पैसे बाळाच्या आईच्या ओटीत पडले. मी उठणार तोच मावशी म्हणाली, "बसा भाऊ. कागद करा."

"कागद कशाला मावशी?"

"मागच्या टायमाला नुसतं तोंडी इकलं. शेजारणीला. काय उपेग झाला? तोंडाचं कोण खरं धरतं? तुम्ही हिशेबाचं माणूस. असा पक्का कागद करा का देवाला बी वाटलं पायजे, हे लेकरू खरंच इकलं."

पक्का कागद करा, असं मला कुणी म्हटलं की माझा हात कच्चा कागद करत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि नोकरीत त्याचा उपयोगच झाला आहे. मी तारीख, वार, वेळ घातली. रक्कम आकड्यात आणि अक्षरी लिहिली. कोंड्याचं वजन लिहिलं. हजर माणसांची नावं लिहिली. आणि खाली एक ओळ घातली: "वरील रक्कम पोहोचली. यापुढे सदर मुलीवर देणाऱ्याचा कोणताही हक्क राहिलेला नाही." ही ओळ मी आदल्या वर्षी माझी जुनी स्कूटर विकली त्या पावतीतून उचलली होती. शेवटी पाकिटातलं एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट काढून चिकटवलं. पाच हजारांच्या आत तिकीट लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तिकीट पाहून मावशीचा चेहरा असा मोकळा झाला की मला ते एक रुपयाचं काम वाटलं. बाळाच्या आईनं तिकिटावर आडवी सही केली.

"आता झालं," मावशी म्हणाली. "आता कुणाची ताकद नाय."

पुढचा महिना आमच्या घरात चांगला गेला. सकाळी बाळाची आई बाळाला घेऊन खाली यायची, पलंगावर ठेवायची आणि विचारायची, "काकू, तुमच्या पोरीला पाजू का?"

"पाज बाई, पोटभर पाज," बायको म्हणायची. "उपाशी ठेवलीस तर बघ. विकत घेतलीय मी."

दोघी हसायच्या. सुरुवातीला हे सोंग होतं. नंतर नंतर बायको दुपारी बाळ मांडीवर घेऊन बसू लागली आणि मी आल्यावरही उठेना. मी दर रविवारी वजन करायचो. स्वयंपाकघरात पाच किलोचा काटा आहे, त्यावर परात, परातीत दुपटं, दुपट्यावर बाळ. परातीचं आणि दुपट्याचं वजन वजा. पंधरा जूनला दोन किलो चारशे दहा. बावीसला दोन सहाशे चाळीस. एकोणतीसला दोन आठशे नव्वद. सहा जुलैला तीन किलो एकशे दहा. मी आकडा मोठ्यानं वाचायचो. बाळाची आई दाराशी उभी राहून ऐकायची, तोंडानं काही म्हणायची नाही, पण वर जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची.

दहा जुलै, गुरुवार. बाळाला बेचाळीस दिवस पूर्ण झाले, दीड महिन्याच्या लसीचा दिवस. बाळाची आई एकटीच आरोग्य केंद्रात गेली. लसीचं कार्ड तिनं एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं आणि त्याच पिशवीत, बाळासोबत असावी म्हणून जपून ठेवलेली माझी पावती. कार्ड काढताना पावती टेबलावर पडली. नर्सबाईंनी ती उचलून वाचली.

"हे काय आहे? हे बाळ कुणाचं?"

आणि तिनं, रीत पाळून, सांगितलं, "घरमालकीण काकूंचं."

नर्सबाईंनी जे करायला हवं तेच केलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तो फोन केला असता. दुपारी तीन वाजता बालसंरक्षण कार्यालयातून एक तरुण बाई आणि त्यांच्यासोबत एक गृहस्थ आमच्या दारात आले. बायकोनं फोन करून मला शाळेतून बोलावून घेतलं; बाईंच्या हातात माझ्या पावतीची झेरॉक्स होती.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"काका, मुलाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. मग ती अकरा रुपयांना असो नाहीतर अकरा लाखांना. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी रीत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, लिहून घेतली. मग वर जाऊन बाळाच्या आईला विचारलं, "ताई, हे बाळ तुमचं आहे ना?"

ती बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, नुसतं हो म्हणा."

मी म्हटलं, "अगं सांग ना." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

खाली आल्यावर त्या बाई म्हणाल्या, "नियमानं मी बाळ आजच शिशुगृहात नेलं पाहिजे. अंगावरचं पितंय म्हणून आजच्या दिवस थांबते. उद्या अकराला बालकल्याण समितीपुढं या, सगळे. आईच जर बाळ माझं नाही म्हणाली, तर चौकशी होईपर्यंत समिती बाळ शिशुगृहातच ठेवणार. चौकशीला किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही." बाळ घराबाहेर कुठं नेणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. पुन्हा एक कागद, पुन्हा माझी सही.

त्या गेल्यावर बायको वर गेली. मीही मागून गेलो आणि दाराशी थांबलो. बाळाची आई पलंगाच्या कडेवर बसली होती.

"पोरी, उद्या एक शब्द बोलायचाय," बायको म्हणाली. "माझी. बस."

"नाय म्हणता यायचं काकू."

"का?"

मग ती खालीच बघत बोलली. "मागचा पोरगा. त्याला बी इकला व्हता. म्हणायचं नव्हतं. मी चार महिनं नाय म्हणलं. एक दिस त्याला न्हाऊ घातलं, तो खुदकन हसला, आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं. माझं गुणाचं लेकरू, म्हणलं. एकदाच. आठ दिसात गेला तो."

बायको तिच्याशेजारी बसली.

"कुणाला सांगितलंस हे?"

"कुणालाच नाय."

मी आकड्यांचा माणूस. तो एक शब्द आणि ते आठ दिवस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला समजावून सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते मिटलं. म्हटली तर बाळ मरणार, असं तिला वाटत होतं. नाही म्हटली तर बाळ शिशुगृहात जाणार, हे आम्हाला दिसत होतं. आणि तिनं मनातल्या मनात निवड करून टाकली होती: आपल्याजवळ नसलं तरी चालेल, जगलं पाहिजे. तिचं म्हणणं चुकीचं होतं, पण त्यात स्वतःसाठी एक पैशाचा विचार नव्हता.

बाळाचा बाप कामावरून आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हणतो ना माझी हाय म्हणून." मग त्यानं स्वतःच्या बायकोकडं पाहिलं. त्यानं पिशोरला आईला फोन लावला. रीत मावशीनं घातली होती, उठवायची तर तिनंच.

शुक्रवारी मावशी पहिल्या एसटीनं आली. मी तिला रस्त्यावर घ्यायला गेलो. दोन रिक्षा केल्या. एकीत बाळाचे आई-बाप आणि बाळ, दुसरीत मी, बायको आणि मावशी. रिक्षा हर्सूलच्या तुरुंगाच्या भिंतीजवळून पुढं निघाल्यावर मावशीनं एकदा विचारलं, "भाऊ, तुम्हाला आत टाकत्याल का?"

"बघू," मी म्हटलं.

"कागद करा मी म्हणलं. मला टाका म्हणावं."

मग बायकोनं तिला ती न्हाऊ घालण्याची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही याचा तिनं रात्रभर विचार केला होता. मावशीनं ऐकलं आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं. ते उतरेपर्यंत काढलं नाही.

समितीची खोली साधी होती. लांब टेबल, फायली, पाण्याचा जार. मधोमध अध्यक्षबाई, पन्नाशीच्या. त्यांच्या उजवीकडं एक वयस्कर सदस्य, चष्मा कपाळावर चढवलेला. आणखी दोघं होते, ते फारसं बोलले नाहीत. मी आणलेले कागद टेबलावर ठेवले: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, भाडेकरार, रजेच्या अर्जाची प्रत, वजनाची वही.

त्या वयस्कर सदस्यांनी मूळ पावती उजेडात धरली.

"तुम्ही हिशेबनीस?"

"हो साहेब."

"रेव्हेन्यू तिकीट किती रकमेवर लागतं?"

"पाच हजारांच्या वर."

"मग अकरा रुपयांच्या पावतीवर तिकीट कसं? सव्वीस वर्षं हिशेब लिहिणारा माणूस असं तिकीट वाया घालवेल का? का खरी रक्कम पाच हजारांच्या वर होती, आणि कागदावर अकरा लिहिले?"

आयुष्यात पहिल्यांदा मी गरजेपेक्षा एक रुपया जास्त खर्च केला होता आणि तोच माझ्यावर उलटला होता. त्यांचा तर्क बरोबर होता. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

"साहेब, तिकीट बाळाच्या आजीसाठी लावलं," मी म्हटलं. "तिचं समाधान होईना."

"एक रुपयाचं समाधान?"

"हो."

त्यांनी वजनाची वही उघडली. पानं उलटली. "हे कशाला लिहिता?"

"याआधीची दोन गेली. म्हणून."

त्यांनी वही मिटली नाही, तशीच समोर ठेवली.

अध्यक्षबाई बाळाच्या आईकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "हे बघ पोरी, जन्म तू दिलास हे दवाखान्याच्या कागदावर आहे. प्रश्न तो नाही. तुला हे लेकरू हवंय का, तू ते कुणाला देऊन टाकलंयस का, हा प्रश्न आहे. ते तुझ्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही. बाळ तुझं आहे?"

ती उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाळ माझ्या बायकोच्या मांडीवर होतं; रीत म्हणून आत येताना तिनंच ते तिथं दिलं होतं.

तेवढ्यात मावशी खुर्चीवरून उठली. टेबलाकडं गेली नाही, सुनेपुढं जाऊन उभी राहिली.

"ए पोरी, माझ्याकडं बघ. मागचं लेकरू तुझ्या बोलण्यानं नाय गेलं."

"आत्या..."

"गप. ऐक. त्याच्या छातीत कफ भरला व्हता. तू म्हणली दवाखान्यात नेऊ. मी म्हणलं, शेक दे, ववा दे, बरं व्हतं. दोन दिस मी घरी ठेवला. तिसऱ्या दिशी नेला तवा डॉक्टर म्हणला, आजी, लई उशीर केला. ते मला म्हणला. तुला मी कधी सांगितलं नाय. मला वाटलं, तू मला माफ करणार नाय." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "तू लेकराला माझं म्हणली त्यानं तो गेला नाय. मी उशीर केला त्यानं गेला. माझ्या कर्माचं वझं तू वाहू नको."

लिहून घेणाऱ्या कारकुनानं पेन उचलून धरलं होतं. बाळाच्या आईनं सासूचे दोन्ही हात धरले. त्या दोघींमध्ये तेव्हा काय झालं ते मी लिहू शकत नाही. एवढंच सांगतो की सुनेनं हात सोडले नाहीत.

थोड्या वेळानं ती अध्यक्षबाईंना म्हणाली, "म्हणते मी. पर आधी परत घ्यावी लागंल. इकलेली हाय."

सदस्य काही बोलणार होते. अध्यक्षबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. "परत घ्यायला काय लागतं?"

"घेतल्यापेक्षा नेमका एक रुपया जास्त," मावशी डोळे पुसत म्हणाली. "कोंड्याचं सोडा, तो गाईनं खाल्ला."

बाळाच्या आईनं कमरेची पिशवी काढली. त्यात कागदाच्या घडीत दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं. तेच, नऊ जूनचे. लेकराचे पैसे खर्चायचे नसतात म्हणून तिनं ते तसेच ठेवले होते. अकरा झाले. बारावा रुपया कुणाकडं नव्हता.

मी पाकीट पाहिलं: शंभराच्या नोटा. बाळाच्या बापाकडं मोबाईल. तो म्हणाला, "काकू, तुमच्या मोबाईलवर टाकू का एक रुपया?"

"मोबाईलवरनं लेकरू घेतं का रं कुणी?" मावशी ओरडली. "रोख दे!"

"आई, एक रुपया कोण ठेवतं आता खिशात?"

"एसटीचे सुट्टे?" मी मावशीला विचारलं.

"कंडक्टर म्हणला उतरताना देतो. दिलेच नाय मेल्यानं."

शिपाई बाहेर चहावाल्याकडं जाऊन हात हलवत परत आला. तेव्हा त्या वयस्कर सदस्यांनी टेबलाचा खण उघडला, टाचण्यांच्या डबीत बोट फिरवलं आणि एक रुपयाचं नाणं काढून टेबलाच्या कडेला सरकवलं.

"उसना आहे," ते म्हणाले. "आणि हे कामकाजात लिहू नका."

बाळाच्या आईनं बारा रुपये माझ्या बायकोपुढं धरले. बायकोनं लगेच हात पुढं केला नाही. बाळाचं टोपडं नीट केलं, हनुवटीखालची दुधाची ओल पुसली. बत्तीस दिवस ते लेकरू तिचं होतं. नावापुरतंच, पण तिचं.

"घ्या की बाई," मावशी म्हणाली.

"माझी एक अट आहे. रविवारी वजनाला खाली आणायची. चुकवायचं नाही."

"आणते," बाळाची आई म्हणाली.

बायकोनं पैसे घेतले आणि बाळ दिलं. माझा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला. अध्यक्षबाई, सदस्य आणि माझी बायको तिघंही एकदम म्हणाले, "नको!" त्या खोलीत त्या दिवशी सगळे पहिल्यांदा तेव्हाच हसले.

"आता विचारते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाळ कुणाचं?"

"माझं हाय." आवाज इतका बारीक की कारकुनाला ऐकू गेला नाही. त्यानं मान वर केली. "माझी हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "पोरगी माझी हाय. माझी हाय ही." एकदा तोंडातून निघाल्यावर तिला थांबताच येईना. बाळाच्या डोक्यावर ओठ टेकून ती तेच म्हणत राहिली, आणि कुणी तिला थांबवलं नाही.

समितीनं बाळ आई-बापाजवळच ठेवलं. कालची ती तरुण बाई तीन महिने, दर पंधरा दिवसांनी, घरी येऊन बघणार. बाळाला कफ झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. हे मावशीनं स्वतः अंगठा टेकवून लिहून दिलं. पुन्हा असा कागद करणार नाही, हे मी लिहून दिलं. पावती त्यांच्या फायलीत राहिली, तिकिटासकट. उठताना सदस्य मला म्हणाले, "हिशेबनीस, जगातल्या सगळ्याच गोष्टींची पावती करायची नसते." मी हो म्हटलं.

तेरा जुलैला, रविवारी, वजन तीन किलो तीनशे तीस भरलं. या वेळी आकडा मी वाचायच्या आधी बाळाच्या आईनंच काट्यावर वाकून वाचला.

सोमवारी शाळेत जाताना मी समितीच्या कार्यालयात थांबलो. सदस्य बाहेर व्हरांड्यात उभे होते. मी त्यांच्या हातावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. मला वाटलं होतं ते राहू द्या म्हणतील. त्यांनी नाणं घेतलं.

"वजन?" त्यांनी विचारलं.

"तीन तीनशे तीस."

"रविवारचं?"

"रविवारचं."

त्यांनी मान डोलावली आणि नाणं खिशात टाकून आत गेले.

बाळ आता सात महिन्यांचं आहे. पाच किलोचा काटा त्याला पुरत नाही. दर रविवारी मी त्याला कडेवर घेऊन मोठ्या काट्यावर उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो. मधे दोनदा खोकला झाला. दोन्ही वेळा त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, आणि दोन्ही वेळा पिशोरहून दिवसातून चार फोन आले.

शेवटी दिलं-घेतलं ते असं. बारा रुपये, रोख, अकरा जुलैला बाळाच्या आईनं माझ्या बायकोला दिले. बायकोनं ते कपाटात, स्वतःच्या मुलांची जावळं ठेवलेल्या डबीत ठेवले आहेत. त्यातला एक रुपया उसना होता, तो चौदा जुलैला ज्यांचा त्यांना मी परत केला. कशाचीच पावती नाही.